केसचा माणूस

आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक धाब्याला एक आचारी असतो, एक तंदूरवाला असतो, दोन-चार वाढपी असतात आणि एक केसचा माणूस असतो. बाहेरच्याला हा शब्द कळायचा नाही, म्हणून सांगतो. परवाना नसताना गिऱ्हाइकाला दारू प्यायला बसवणं हा गुन्हा आहे. दारू तुमची असो किंवा नसो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून बाटली घेऊन येतं, तुम्ही फक्त ग्लास, पाणी आणि शेंगदाणे देता. तरी जागा तुमची, म्हणून कायद्याच्या भाषेत अड्डा तुमचा. अधूनमधून धाड पडते. धाड पडली की ‘धाबा कोण चालवतं?’ या प्रश्नावर कुणीतरी ‘मी’ म्हणावं लागतं. जो ‘मी’ म्हणतो तो केसचा माणूस. मालक सहसा वेगळाच असतो.

माझ्या धाब्याचा केसचा माणूस माझा साडू होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

धाबा चाकणच्या पुढे, तळेगावच्या रस्त्याला. जागा तिथल्याच एका जुन्या गाववाल्याची, भाड्याने घेतलेली. त्याआधी मी भोसरीत एका कंपनीचं कँटीन चालवत होतो. कंपनीने कँटीन मोठ्या ठेकेदाराला दिलं, तेव्हा हातात भांडी उरली आणि दोन आचारी उरले. त्यांच्या जोरावर धाबा टाकला. पहिल्या वर्षी मी कुणाला दारू प्यायला बसू दिलं नाही. दुपारी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटायची, पोरं मोटारसायकली घेऊन यायची, पाटी बघायची आणि विचारायची, “बसायची सोय आहे का?” नाही म्हटलं की पुढच्या धाब्यावर जायची. मटण आमचं चांगलं होतं, पण नुसत्या मटणाला कोणी थांबत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी मागच्या शेडमध्ये टेबलं टाकली.

जागामालक म्हातारा रोज संध्याकाळी खाटेवर येऊन बसायचा. त्याने पहिल्याच दिवशी टोकलं. “बसवा, मी न्हाई म्हनत न्हाई. पर परवाना काढा. न्हाईतर एक दिस गाडी यील आन् तुमाला घिऊन जाईल.”

“काढतोय काका, अर्ज दिलाय.”

“अर्ज दिऊन भागतंय व्हय? आमी जमिनीचा अर्ज दिला व्हता, बा गेला आमचा तवर.”

अर्ज मात्र मी खरंच दिला होता. परमिट रूमचा परवाना. आपल्याकडे दारू विकायचा परवानासुद्धा दारूबंदी कायद्याखालीच मिळतो, याचं मला तेव्हा हसू यायचं. परवान्याची कामं करून देणारा एक एजंट होता, त्याने सगळं समजावलं. नकाशा, शाळा-देवळापासूनचं अंतर, ना हरकत दाखले. आणि शेवटी म्हणाला, “हे सगळं होईल. फक्त तुमच्या नावावर या कायद्याखाली एकही केस लागू देऊ नका. शिक्षा लागली की फाईल तिथेच झोपली.”

“आणि तोवर धाबा?”

“तोवर धाबा दुसरं कोणीतरी चालवतंय,” तो म्हणाला. त्याला ते सांगताना काही वाटलं नाही, आणि मला ऐकतानाही वाटलं नाही. रस्त्यावर सगळेच असं करत होते.

साडूला त्याच सुमारास कंपनीतून कमी केलं होतं. तो सीएनसी मशीनवर सेटर होता, म्हणजे मशीन जुळवून लावून देणारा, हाताने फार चांगला. त्याच्या कंपनीने एक लाईन दुसऱ्या राज्यात हलवली आणि काँट्रॅक्टवरची सगळी पोरं एका सकाळी गेटवरूनच परत पाठवली. मोशीत एक खोली, बायको, दोन मुली. मी त्याला म्हटलं, नोकरी लागेपर्यंत काउंटरवर बस. तो बसला. गल्ला बघायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, तंदूरवाल्याची आणि आचाऱ्याची भांडणं मिटवायचा. महिनाभराने मी त्याला चहा पिता पिता सांगितलं, “कधी धाड-बिड पडली तर तू म्हण, मी चालवतो. पुढचं सगळं मी बघतो.”

तो म्हणाला, “त्यात काय एवढं भाऊ.”

सांगताना मी थोडा तरी अडखळलो असेन, असं मला लिहावंसं वाटतं. अडखळलो नव्हतो.

धाड पडली ती भर दुपारी, शिफ्ट सुटल्यावर. दोन माणसं आधीच येऊन बसली होती, साध्या कपड्यांत. त्यांनी शेवभाजी आणि भाकरी मागवली होती आणि खरंच जेवत होती. मागच्या शेडमध्ये कंपनीची चार पोरं बसली होती. बाहेरून दिसू नये म्हणून आम्ही स्टीलचे ग्लास द्यायचो. त्या दोघांतल्या एकाने हात धुतले, शेडमध्ये गेला, एक ग्लास उचलला, वास घेतला आणि बाहेर बघून मान हलवली. मग गाडी आली, उत्पादन शुल्क खात्याचे साहेब उतरले.

पोरांची तंतरली. एक जण म्हणाला, “साहेब, मी फक्त बर्फ खात होतो.”

“बर्फाला बडीशेपेच्या देशीचा वास येतोय की,” साहेब म्हणाले. त्यांचे लोकही हसले. माणसं वाईट नव्हती. आवाज चढवला नाही, कोणावर हात उचलला नाही.

साहेबांनी काउंटरजवळ येऊन विचारलं, “धाबा कोण चालवतं?”

साडू उभा राहिला. “मी, साहेब.”

“नक्की? विचार करून सांग. सही करावी लागेल.”

“मीच, साहेब.”

मी काउंटरच्या शेजारच्या टेबलावर बसलो होतो. माझ्यासमोर ताट होतं. रोज त्या वेळेला मी जेवायचो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

मी म्हणालो, “जेवायला आलोय.”

त्यांनी माझ्या पाण्याच्या ग्लासाचाही वास घेतला आणि तो खाली ठेवला. मी त्यांच्यासमोर भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो गिळताना साडू माझ्याकडे बघत नव्हता. त्याला वाटलं असेल, बघितलं तर साहेबांना कळेल. गाडीत बसतानाही तो माझ्याकडे न बघताच बसला. आमचा आचारी भटारखान्याच्या दारात उभा होता. त्याने माझं ताट उचलून नेलं.

जामीन त्याच दिवशी झाला. पुढे तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. रस्त्यावरच्या धाब्यांच्या असल्या सगळ्या केसेस बघणारा एक वकील होता. त्याने सांगितलं, “कबूल म्हणायचं, दंड भरायचा, बाहेर येऊन चहा प्यायचा. लढायला गेलात तर वर्षं जातील.” आम्हाला ते पटलं. आमच्या पट्ट्यात केस म्हणजे दंड, आणि दंड भरला की केस संपली, असंच सगळे समजतात.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. गुन्हा वाचून दाखवला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

“कबूल आहे.”

“कबूल केला तर शिक्षा होऊ शकते, हे समजतंय ना? कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर?”

मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, हा आता मागे वळेल. तो वळला नाही. म्हणाला, “दबाव नाही, मॅडम.”

त्याला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. दंड मी भरला. मधल्या सुट्टीत मी त्याला वडापाव नेऊन दिला. तो हसत होता. “भाऊ, कंपनीत आठ तास उभं राहावं लागायचं. इथे सरकार बसवतंय.” शेजारी त्याच्यासारखीच दुसऱ्या धाब्यांची दोन केसची माणसं होती, तीही हसली. एक जण अनुभवी होता, त्याची तिसरी वेळ होती. त्याने साडूला सांगितलं, “पंख्याखालची जागा धर भावा, दुपारी लाईट गेली तरी खिडकीतनं वारा येतो.”

संध्याकाळी आम्ही मोशीला त्याच्या घरी गेलो. मेव्हणीने दार उघडलं आणि म्हणाली, “या. दाजी, तुमच्या कृपेने आमच्या माणसाने कोर्ट बघितलं. आता विधानसभा पण दाखवा एकदा.” सगळे हसलो. तिने आम्हाला पोहे दिले. त्या घरात मी त्यानंतर हसलेलो नाही.

काही महिन्यांनी साडूला नोकरी लागली. लागली असंच आम्ही समजलो. म्हाळुंग्याकडे एक मोठी कंपनी आहे, तिथे त्याच्या हाताची परीक्षा घेतली. त्याने मशीन लावून दाखवलं, मेडिकल झालं, आणि ते त्याला काँट्रॅक्टवर नाही, कंपनीच्या पेरोलवर घेणार होते. आमच्या भागात राहणाऱ्यालाच कळेल की पेरोल म्हणजे काय. ठेकेदाराची पोरं आणि पेरोलची माणसं एकाच मशीनवर उभी असतात, पण त्यांची बस वेगळी, त्यांची मुलं वेगळ्या शाळेत, त्यांना घराचं कर्ज मिळतं. मेव्हणीने खोली बदलायची म्हणून थेरगावात आमच्याजवळच घरं बघायला सुरुवात केली. माझी बायको रोज तिच्याबरोबर डांगे चौकात हिंडत होती.

मग पोलीस पडताळणी आली. आता प्रत्येक कंपनी ती मागते, गेटपाससाठी सुद्धा. साडूला त्याची काळजी नव्हती. चौकीतून दाखला निघाला, त्यावर दारूबंदी कायद्याखाली शिक्षा झाल्याची नोंद होती. त्याच्या अर्जात ‘आपल्याला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं होतं, आणि त्याने नाही असं लिहिलं होतं. कंपनीच्या मॅडमनी त्याला बोलावलं. शिक्षेबद्दल एक वेळ वरती विचारून बघितलं असतं, म्हणाल्या, पण तुम्ही लपवलंत.

तो तिथून थेट धाब्यावर आला. मी त्याला विचारलं, “अरे, नाही का लिहिलंस?”

त्याने खरंच न कळल्यासारखं माझ्याकडे बघितलं. “केस तुमची होती ना भाऊ. माझी कुठे होती?”

त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला आतून तसंच वाटत होतं. त्याने मला त्याचं नाव वापरायला दिलं होतं, शेजाऱ्याला शिडी द्यावी तसं. काम झालं की ते परत आलेलं असणार, असं तो धरून चालला होता. मीही तसंच धरलं होतं. ते कोर्टात कायमचं राहिलं आहे, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. न्यायाधीश बाईंनी तर स्पष्ट विचारलं होतं.

त्याने आणखी तीन-चार ठिकाणी प्रयत्न केला. आता तो खरं सांगायचा. ‘दारूच्या गुन्ह्यात शिक्षा’ एवढं ऐकलं की समोरचा माणूस कागद बाजूला ठेवायचा. तो दारूच्या थेंबालाही शिवत नाही, हे कोणाला सांगणार?

मी वकिलाकडे गेलो. एकटाच. मी म्हटलं, मला कोर्टात जाऊन खरं सांगायचंय. धाबा माझा होता, चालवत मी होतो, हा माणूस माझ्यासाठी उभा राहिला.

वकिलाने चष्मा काढला. “आणि मग?”

“मग त्याचं नाव निघेल.”

“असं निघत नाही हो. त्याने स्वतः कबूल केलंय, दबाव नाही म्हणून सांगितलंय. वरच्या कोर्टात जावं लागेल, आणि तिथे म्हणावं लागेल की तो खालच्या कोर्टाशी खोटं बोलला. म्हणजे त्याच्यावर आणखी एक प्रकरण. तुमच्यावर वेगळं. तुमचा परवाना तर विसराच. एवढं करून तो सुटेल, याची खात्री मी देणार नाही.”

“म्हणजे काहीच होऊ शकत नाही?”

“होऊ शकतं. पण तुम्ही करणार आहात का, ते सांगा.”

हे लिहायला मी आज बसलो आहे ते खरं तर पुढच्या एका वाक्यासाठी. वकिलाचं ते बोलणं ऐकून मला हायसं वाटलं. जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. मी प्रयत्न करून बघितला, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि खाली रसवंतीवर उभा राहून मी उसाचा रस प्यायलो. साडूला मी कधीच सांगितलं नाही की ‘होऊ शकतं’ असंही वकील म्हणाला होता. त्याला सांगितलं, “काही होत नाही म्हणाला.” तो म्हणाला, “जाऊ द्या भाऊ.”

परवाना आला. माझ्या नावावर काही नव्हतं, सगळं स्वच्छ होतं. मागच्या शेडला भिंती बांधल्या, बाहेर पाटी लावली, काचेचे ग्लास आणले. जागामालक म्हातारा येऊन बघून गेला. “आता कसं, दांडगं काम झालं,” म्हणाला. “त्यो तुमचा साडू कुठं हाय? त्याला बसवा की गल्ल्यावर. गुणाचा मानूस हाय त्यो.”

तोच माझा विचार होता. निदान काउंटर तरी त्याला द्यायचा, कायमचा, हक्काचा. पण परमिट रूममध्ये कोण नोकर दारू हाताळणार, त्यांचा नोकरनामा खात्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. एजंटने नावं वाचली आणि साडूच्या नावावर बोट ठेवलं. “हे काढा. शिक्षा झालेला माणूस चालत नाही. तुमचा परवाना अडचणीत येईल.”

मी ते नाव काढलं. साडूला मी भटारखान्याचं काम दिलं असतं, भाजीपाल्याचं, खरेदीचं. विचारलंसुद्धा. तो नको म्हणाला. रागाने नाही. “मशीनवरचा माणूस आहे मी भाऊ, कांदे किती दिवस मोजू?” मेव्हणीने मात्र माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, “ताई, दाजींना म्हणावं, आता उपकार नकोत. आहे तेवढंच पुरे झालं.” त्या दोघी बहिणी सणाला भेटतात अजून. मी गेलो की मेव्हणी आत जाते.

पुढे कळलं की साडू पुन्हा कंपनीत लागला. एका लहान ठेकेदाराकडे, प्रेस शॉपमध्ये, जिथे मोठ्या मशीनखाली पत्रे दाबतात. मी बायकोला म्हटलं, “बघ, मिळाली की नाही?” ती भांडी घासत होती. म्हणाली, “दुसऱ्याच्या पासावर लागलाय.”

“म्हणजे?”

“ठेकेदाराकडे एक माणूस होता, तो गावी गेला तो आलाच नाही. त्याच्या कागदांवर, त्याच्या नावाने हा जातो. फोटो तेवढा बदललाय.” मग तिने पाणी बंद केलं. “तुम्ही विचारू नका त्याला काही.”

मी विचारलं नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात. जर याचं बोट गेलं, तर कोणाचं गेलं म्हणून लिहितील, हा विचार मला काउंटरवर बसून येतो. हल्ली रोज येतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मेव्हणीचा फोन आला. थेट मला, कित्येक महिन्यांनी. साडूचे वडील गावी वारले होते. साडू पहिल्या शिफ्टला होता, मोबाइल गेटवरच जमा करून घेतात, ठेकेदार फोन उचलत नव्हता. “दाजी, तुम्ही जवळ आहात. त्यांना बाहेर काढा. गावाकडं थांबलेत सगळे.”

मी गाडी काढून गेलो. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, अमुक माणसाच्या वडिलांचं निधन झालंय, त्याला बोलवा. त्याने ठेकेदाराचं नाव विचारलं, यादी बघितली, परत बघितली.

“इस नाम का कोई नहीं है, साहब।”

“है भैया, प्रेस शॉप में है।”

“आप ही देख लो।” त्याने यादी माझ्यासमोर धरली.

तेव्हा कुठे मला तो दुसऱ्याचा पास आठवला. त्यातलं एक नाव त्याचं होतं. कुठलं, ते मला माहीत नव्हतं. जास्त बोलावं तर त्याचंच बिंग फुटेल. मी बाजूला जाऊन मेव्हणीला फोन लावला आणि हळू आवाजात विचारलं, “इथे त्याला कोणत्या नावाने ओळखतात?”

ती म्हणाली, “मला नाही माहीत. ते घरात ते नाव काढत नाहीत.”

शिफ्ट सुटेपर्यंत मी गेटसमोरच्या चहाच्या गाडीपाशी उभा राहिलो. गावाकडून दोनदा फोन आला, किती वेळ, उन्हं उतरतायत. मी म्हणालो, निघतोय. साडेतीनला भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर आला, सगळ्यांचे निळे शर्ट. मला तो सापडेना. मग मागून कोणीतरी मोठ्याने एक नाव घेऊन ओरडलं, “डबा विसरला रे तुझा!” आणि पुढच्या घोळक्यातला एक माणूस झटक्यात वळला. तो माझा साडू होता. अजिबात न थांबता वळला, आपलं स्वतःचं नाव ऐकल्यावर आपण वळतो तसा. हसत मागे आला, डबा घेतला, ओरडणाऱ्याला काहीतरी चेष्टेने बोलला आणि बसकडे निघाला.

बस सुरू होती. त्याच्या खऱ्या नावाने मला हाक मारता येत नव्हती, सुपरवायझर दारातच उभा होता. म्हणून मी ते नाव घेतलं. आत्ताच ऐकलेलं, कुठल्या तरी अनोळखी माणसाचं. तो पायरीवरून वळला आणि “हां, बोला” म्हणाला. मग त्याला मी दिसलो. तो खाली उतरला. मी त्याला बसच्या मागे घेऊन गेलो आणि त्याचे वडील गेल्याचं सांगितलं. त्याने एकदा गेटकडे बघितलं, सुपरवायझर ऐकत नाही ना ते बघितलं, आणि मगच तो रडला.